लोकप्रशासनाचे उच्च शिक्षण आणि आपला कोळीवाडा

(संघाच्या वार्षिक संमेलनात मढ येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी कार्यवाहांनी मला जो विषय नेमून दिला आहे, तो ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात थोडे कुतूहल आणि त्याहून अधिक शंका उत्पन्न झाली असेल, यात मला नवल वाटत नाही. मुलगा डॉक्टर होणार म्हटले की घरच्या आजीलाही ते समजते. इंजिनियर म्हणजे काय हे बोटीचे इंजिन दुरुस्त करून घेणाऱ्या प्रत्येक नाखव्याला ठाऊक आहे. परंतु ‘लोकप्रशासन आणि सामाजिक धोरण’ या विषयात मुलगी एम. ए. करणार, असे सांगितले तर पहिला प्रश्न हाच येतो, की ते करून ती होणार कोण? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला आपल्याच आळीत तीनचार घरी विचारला गेला, आणि दर वेळी उंबरठ्यावर उभ्याने उत्तर देणे मला जड गेले. म्हणून आज ते सविस्तर देण्याची ही संधी मी आनंदाने घेत आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. लोकप्रशासन म्हणजे कारभार. तो कोणाच्या नावाने चालतो, पैसा कोठून येतो, हुकूम कोण काढतो, तो खालपर्यंत पोचेतो त्याचे काय होते, आणि ज्याच्यासाठी काढला त्याच्या पदरात शेवटी काय पडते, याचा पद्धतशीर अभ्यास. सामाजिक धोरण हा त्याच कारभाराचा एक भाग आहे. आजारी, वृद्ध, बेकार, विधवा, निराश्रित, अशिक्षित यांच्याबाबत समाजाने आणि शासनाने काय करावे, किती करावे, आणि ते उपकार म्हणून करावे की हक्क म्हणून, याचा विचार त्यात येतो. हे शास्त्र परदेशातून आले असे पुष्कळ जण समजतात. नाव परदेशातून आले असेल, विचार मात्र आपल्या घरात जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ हे सुमारे १७१५ चे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तारवांसाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना अमात्य बजावतात की आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. आरमार राज्याला हवे होते, लाकूड निकडीचे होते, तरी त्या निकडीचा भार कोणावर पडावा आणि कोणावर पडू नये याचा विचार झालेला होता. सामाजिक धोरणाचे याहून नेटके उदाहरण मला सुचत नाही. आणि त्या आरमाराची वल्ही कोणाच्या हातात होती, हे या सभेत सांगण्याचे कारण नाही.

आधुनिक काळात या विषयाला शास्त्राचे रूप आले ते १८८७ पासून, असे मानतात. त्या वर्षी वुड्रो विल्सन नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. हेच गृहस्थ पुढे १९१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लवकरच नागपूर विद्यापीठाने लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि १९५४ मध्ये दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. सामाजिक धोरणापुरते बोलायचे तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९५० साली सामाजिक प्रशासनाचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर रिचर्ड टिटमस यांची नेमणूक झाली. या टिटमस यांच्याजवळ विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. ते वर्षानुवर्षे एका विमा कचेरीत कारकून होते; आयुष्यमान, मृत्यू आणि गरिबी यांचे आकडे त्यांनी तेथेच वाचायला शिकले. आपल्या घरात कारकुनी करणारे पुष्कळ आहेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

परंतु या शास्त्राचा आपल्या देशातील सर्वांत थोर विद्यार्थी कोण, असे विचाराल तर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेईन. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्षही दिली. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण ज्या समाजाला सरकारी कचेरीच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजातील एका तरुणाने शिक्षणासाठी विषय निवडला तो कारभाराच्या हिशेबाचा, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. ज्याला अन्याय दूर करायचा आहे त्याला तिजोरीची चावी कोणाकडे असते आणि जमाखर्च कसा लिहितात हे आधी कळले पाहिजे, हे त्यांनी विशीत ओळखले होते.

आता महाराष्ट्राच्या मातीतील एक उदाहरण घेतो, कारण हा विषय प्रत्यक्षात काय करू शकतो हे त्यावरून चांगले दिसेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे एक प्रयोग केला. कल्पना साधी होती. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे. भीक नको, दानधर्म नको. १९७२ च्या भयंकर दुष्काळात ही कल्पना राज्यभर उपयोगी पडली. परंतु दुष्काळ सरला की मदतही सरते, असा आजवरचा अनुभव. येथे कारभाराचे खरे कौशल्य दिसले. कायमचा पैसा कोठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील पगारदार, वकील, व्यापारी यांनी दरसाल थोडा कर भरावा, शासनाने तितकीच भर घालावी, आणि त्यातून खेड्यातील मजुराला रोजगार मिळावा, अशी योजना झाली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर भत्ता द्यायचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. जगातील विद्यापीठांतून या योजनेचा अभ्यास झाला, आणि २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे, हे सर्वांनी मान्य केले.

या गोष्टीचा आपल्या मढशी काय संबंध? संबंध मोठा आहे, आणि तो थोडासा बोचणारा आहे. ही योजना मुख्यतः ग्रामीण भागासाठी होती. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. आज आपण महानगरपालिकेचे नागरिक आहोत. आपले जीवन गावाचे आहे, आपला धंदा समुद्राचा आहे, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की हाताला काम नसते. परंतु शासकीय व्याख्येने आपण शहरवासी ठरतो, आणि ग्रामीण म्हणून जे जे कायद्यात लिहिले जाते ते ते आपल्या दारावरून पुढे निघून जाते. आपल्यातील जे नोकरदार आहेत त्यांच्या पगारातून व्यवसाय कर दरमहा कापला गेला, त्यातून सांगली-सोलापूरच्या मजुराला काम मिळाले, आणि ते मिळाले याचा आपल्याला आनंदच आहे. पण मढच्या खलाशाच्या बायकोने जूनमध्ये काम मागितले असते तर कोणत्या खिडकीवर मागायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. यात कोणाचा दुष्टावा नाही. व्याख्या लिहिताना किनाऱ्यावरच्या, शहराच्या हद्दीत सापडलेल्या खेड्याचा विचार कोणाच्या डोळ्यांसमोर आला नाही, एवढेच. तो ज्याच्या डोळ्यांसमोर सहज येईल असा माणूस त्या टेबलाशी असावा, असे मला वाटते.

व्याख्येची हीच गोष्ट जमिनीच्या बाबतीत अधिक गंभीर होते. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. तिच्या जागी ६ जानेवारी २०११ रोजी दुसरी आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी. यांपैकी २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा खास उल्लेख होता. त्यांना ‘सीआरझेड-३’ या वर्गात घालून राहत्या घरांच्या बांधणी-दुरुस्तीस स्थानिक नियमांप्रमाणे मुभा मिळावी, असा हेतू होता. आपण सर्वांनी ते वाचून समाधान मानले. परंतु वाक्य पुरते वाचले पाहिजे. कोणते कोळीवाडे? तर १९८१ च्या विकास आराखड्यात अथवा राज्य शासनाच्या संबंधित अभिलेखांत ज्यांची नोंद आहे ते. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या येथे राहतो याला कायद्यात तितके वजन नाही, जितके नकाशावरील एका रेषेला आहे. त्याच अधिसूचनेच्या परिशिष्टात आणखी एक तरतूद होती, की किनारा व्यवस्थापनाच्या मोठ्या मापाच्या नकाशांवर मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामायिक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा दाखवल्या पाहिजेत. मासळी सुकवण्याच्या जागा! आपल्या वलांड्या आणि जवळा पसरण्याची खळी परक्या माणसाला आठ महिने भरलेली आणि चार महिने ओसाड दिसतात. पावसाळ्यात मोजणीला आलेला माणूस त्यांना मोकळी जमीन असेच लिहिणार. अशा नकाशांचे मसुदे लोकांच्या हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदतीपर्यंत खुले असतात. त्या मुदतीत जो भूमापन क्रमांक घालून, जुना अभिलेख जोडून, नेमक्या कलमाचा आधार देऊन लिहितो त्याचे ऐकण्याची शक्यता असते. मोर्चा काढू नये असे मी म्हणत नाही. मोर्चाने दार उघडते. आत गेल्यावर मात्र कागद लागतो.

आता मासेमारी बंदीच्या काळातील साहाय्याचा विचार करा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशी तरतूद होती, की मच्छीमाराने १,५०० रुपये भरावेत, शासनाने ३,००० घालावेत, आणि हे ४,५०० रुपये बंदीच्या वा मंदीच्या तीन महिन्यांत त्याला मिळावेत. महिन्याला १,५०० रुपयांत घर कसे चालते, हा प्रश्न प्रत्येक गृहिणी विचारील, आणि तो रास्त आहे. पण सामाजिक धोरणाचा विद्यार्थी त्याच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारतो. साहाय्य पारंपरिक, सक्रिय मच्छीमारासाठी आहे. तर मच्छीमार म्हणजे कोण? तांडेल, खलाशी हे तर झालेच. मग बोंबील वलांडीवर घालणारी, पहाटे टोपली घेऊन बाजार गाठणारी, उधारीचा सगळा हिशेब तोंडपाठ ठेवणारी आपली माउली मच्छीमार आहे की नाही? ती समुद्रात जात नाही. तिचा पती वारला आणि होडी विकली गेली तर ती कोणत्या यादीत राहते? सहकारी संस्थेची सभासद ती स्वतःच्या नावाने आहे का? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ सागरी मच्छीमार गावे मोजली गेली. अशी गणना झाली हेच मोठे काम आहे. परंतु गणनेतील रकाने कोणी आखले, आणि कोणत्या कामाला रकानाच नव्हता, हे पाहण्याची दृष्टी या अभ्यासाने येते. माझ्या मते आपल्या मुलींना ही दृष्टी लवकर येईल. त्यांनी आईचा दिवस जवळून पाहिलेला असतो.

विद्यापीठातील माणसांनी आपल्याकडे पाहिले नाही असे नव्हे. मुंबईच्या सोनकोळ्यांवर पुणेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९५९ मध्येच प्रसिद्ध झाला. आपल्या चालीरीती, लग्नविधी, देवदेवता यांचा अभ्यास इतरांनी आस्थेने केला आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे. तरीही आपण अभ्यासाचा विषय असणे निराळे, आणि अभ्यासक असणे निराळे.

हे शिक्षण मिळते कोठे, हे आता सांगितले पाहिजे; आणि येथे आपण भाग्यवान आहोत, कारण पुष्कळसे हाताशी आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय म्हणून सुरू झाली, १९५४ मध्ये देवनारला गेली, आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तेथे वर्गाइतकेच महत्त्वाचे क्षेत्रकार्य करावे लागते; वस्तीत जावे लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. मढहून तरीने वर्सोवा, तेथून २०१४ पासून चालू असलेल्या मेट्रोने घाटकोपर, आणि पुढे देवनार. प्रवास लांबचा खरा, पण वसतिगृहावाचून अशक्य नव्हे. कालिना येथे मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये धोरण-अभ्यासाचे केंद्र आहे. यंत्रशास्त्राच्या त्या माहेरघरातही धोरणाची गरज भासली, हे ध्यानात घ्या. पुण्यास १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. ज्यांना नोकरी सांभाळून शिकायचे आहे त्यांच्यासाठी १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था अंधेरीला आहे. नगरपालिकांच्या कारभाराची तिची पदविका अनेक पालिका कर्मचाऱ्यांनी घेतली आहे. आणि खाडीच्या पलीकडे, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. तेथे मत्स्य-अर्थशास्त्र आणि विस्तारशिक्षण हे विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. त्यासाठी साधारणतः मत्स्यविज्ञानाची पदवी आधी लागते. आपल्या धक्क्यावरून दिसणाऱ्या काठावर देशभरातील मुले येऊन मासळीचे अर्थशास्त्र शिकतात. आपली किती जातात, हे प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावे.

मी कोणाला भुरळ घालू इच्छित नाही. हा अभ्यास सोपा नाही. संख्याशास्त्र शिकावे लागते, अंदाजपत्रक वाचायला शिकावे लागते, कायद्याची कंटाळवाणी भाषा पचवावी लागते, आणि बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले सहा महिने हालाचे जातात. पदवी घेतली की नोकरी दारात उभी राहते, असेही नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना या अभ्यासाची मदत होते, पण ती परीक्षा निराळी आणि हे शिक्षण निराळे; केवळ परीक्षेच्या आशेने येथे येऊ नये. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, महापालिकांचे नियोजन विभाग, लोकप्रतिनिधींची संशोधन कार्यालये येथे कामे मिळतात. पगार आरंभी बेताचा असतो. ज्या घरात एकच मिळवता आहे आणि बोटीवर कर्ज आहे, त्या घराने थोरल्या मुलाला तडकाफडकी या वाटेला लावावे असे मी म्हणणार नाही. अशा घराची जबाबदारी काही अंशी आपल्या संघाने घेतली पाहिजे.

पैशाचा प्रश्न येतोच. आपण विशेष मागास प्रवर्गात मोडतो. त्या प्रवर्गासाठी शासनाच्या शुल्कसवलती व शिष्यवृत्त्या आहेत, परदेशी उच्च शिक्षणाची शिष्यवृत्तीही आहे, आणि नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिला सर्व ‘महाज्योती’ म्हणतात, ती संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देत आली आहे. परंतु यांतील प्रत्येकासाठी दाखले लागतात: जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. मुलगा बारावीत असतानाच आजोबांच्या शाळेचा दाखला आणि जुने सातबारा शोधून ठेवावेत. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात पेटी उघडली तर त्यातून वाळवीच निघते.

शेवटी संघाच्या विचारार्थ एक सूचना मांडतो. आपल्या वाड्यातील जे विद्यार्थी सध्या महाविद्यालयात आहेत त्यांच्याकडून येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक नोंदवही तयार करून घ्यावी. प्रत्येक घर, त्यातील माणसे, होड्या, सहकारी संस्थेचे सभासदत्व कोणाच्या नावाने आहे, मासळी विकणाऱ्या स्त्रिया कोणत्या बाजारात बसतात आणि परवाना आहे की नाही, वलांड्या व खळी कोठे आहेत आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत वापरात असतात, हे सर्व घरोघरी जाऊन लिहावे. सुकवण्याच्या जागांची छायाचित्रे हंगामात, भरल्या वलांडीनिशी, काढून ठेवावीत. सर्व्हे क्रमांक ज्यांना कळतात अशी दोन वयोवृद्ध माणसे मुलांसोबत द्यावीत. खर्च वह्यांचा, छपाईचा आणि मुलांच्या चहाफराळाचा. तो शिक्षण निधीतून व्हावा. यातून कोणाला या विषयाची गोडी आहे हे आपोआप समजेल, आणि अशा दोन विद्यार्थ्यांचे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे शुल्क व पहिल्या वर्षाचा पुस्तकखर्च संघाने उचलावा. ठरावाचा मसुदा मी अध्यक्ष महाशयांकडे दिला आहे. नोंदवहीचे रकाने कसे आखावेत याचा एक कच्चा नमुनाही सोबत जोडला आहे. त्यात भगिनीमंडळाने आपल्या बाजूने भर घालावी, विशेषतः सुक्या मासळीच्या कामाचे रकाने त्यांनीच लिहावेत, अशी माझी विनंती आहे.